टाकायचे काय, ठेवायचे काय?

किरणोत्सारी पदार्थाजवळ गायगर गणित्र नेले की टक्‌ टक्‌ असा आवाज येतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकलेला असतो. प्रत्येक 'टक्‌' म्हणजे नळीत कुणीतरी शिरल्याची वर्दी. पण वर्दी तेवढीच! जो आला तो किती ऊर्जा घेऊन आला, हे गायगर गणित्र सांगत नाही. केंद्रकाच्या अंतरंगात काय घडते याचा शोध घेणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते. गॅमा किरण केव्हा आला, किती ऊर्जेचा होता, एकटा होता की जोडीने आला, हे तीन प्रश्न त्याला सेकंदाला हजारो वेळा विचारायचे असतात, आणि पुढचा किरण येण्याआधी उत्तर लिहून ठेवायचे असते.

१९०९ साली मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन अल्फा कण मोजत, ते चक्क डोळ्यांनी. अंधाऱ्या खोलीत बसायचे, डोळे अंधाराला सरावले की सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे पाहायचे आणि त्यावर उमटणारी एकेक ठिणगी मोजायची. पुढे १९३०च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्स यांनी थायरट्रॉन नळ्या जोडून मोजणीचे काम डोळ्यांकडून विजेकडे सोपवले. १९५० साली डेनिस विल्किन्सन यांनी विजेच्या स्पंदाची उंची थेट आकड्यात बदलणारा परिपथ तयार केला. आज मोजण्याचा वेग इतका वाढला आहे की अडचण उलटी झाली आहे. मोजायचे कसे हा प्रश्न मागे पडला. मोजलेल्यातले टाकायचे काय आणि ठेवायचे काय, हा प्रश्न पुढे आला. या लेखात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

एका गॅमा किरणाची नोंद

गॅमा किरणांची ऊर्जा बारकाईने मोजायची तर आज शुद्ध जर्मेनियमच्या स्फटिकासारखे दुसरे साधन नाही. हा स्फटिक द्रवरूप नायट्रोजनने सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावा लागतो. नाहीतर उष्णतेनेच त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागतात आणि खरा संकेत त्यात बुडून जातो. गॅमा किरणाने स्फटिकात ऊर्जा सोडली की दर ३ इलेक्ट्रॉनव्होल्टमागे साधारण एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या दोन गॅमा किरणांपैकी एकाची ऊर्जा १,३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. म्हणजे त्यापासून सुमारे साडेचार लाख इलेक्ट्रॉन मिळतात. संख्या मोठी वाटली तरी विद्युतभार किती? एका कूलोमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम चौदावा हिस्सा!

हा भार स्फटिकालगतच्या पूर्ववर्धकात जमा होतो. त्याच्या बाहेर येणारा व्होल्टेज जिन्याच्या पायरीसारखा दिसतो. काही शतांश ते काही दशांश मायक्रोसेकंदात तो वर चढतो आणि मग सुमारे ५० मायक्रोसेकंदांच्या कालांकाने सावकाश खाली उतरतो. पायरीची उंची ही किरणाची ऊर्जा, आणि पायरी जेथे सुरू होते तो किरण आल्याचा क्षण. आमचे सारे काम या दोन गोष्टी नेमक्या काढण्याचे आहे.

नेमक्या म्हणजे किती? चांगला जर्मेनियम शोधक १,३३२ मध्ये सुमारे २ इतक्या फरकाने दोन ऊर्जा वेगळ्या ओळखतो, म्हणजे हजारात दीड. आणि ही पायरी स्वच्छ नसते. तिच्यावर विजेच्या गोंगाटाची बारीक थरथर सतत चालू असते. थरथरणाऱ्या रेषेवरच्या पायरीची उंची हजारात दीड इतक्या अचूकतेने मोजायची, असे हे गणित आहे.

आकड्यांचा महापूर

जुन्या पद्धतीत पायरीला आधी इलेक्ट्रॉनिक परिपथातून गोलसर टेकडीचा आकार देत, मग त्या टेकडीच्या माथ्याची उंची एकदाच मोजत. प्रत्येक स्पंदामागे एक आकडा. नव्या पद्धतीत पूर्ववर्धकाची तार सरळ डिजिटायझरला जोडतात. डिजिटायझर स्पंदाची वाट पाहत बसत नाही. स्पंद असो वा नसो, तो ठरावीक अंतराने व्होल्टेज वाचत राहतो. १०० मेगाहर्ट्‌झचा डिजिटायझर सेकंदाला १० कोटी वाचने घेतो, म्हणजे दर १० नॅनोसेकंदांना एक. तो १४ बिटचा असेल तर प्रत्येक वाचन १६,३८४ पातळ्यांपैकी एका पातळीत बसते.

आता प्रत्यक्षातले उदाहरण घेऊ. भारतातल्या अनेक संशोधन संस्था आणि विद्यापीठे मिळून 'इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे', थोडक्यात इंगा, ही शोधकांची मांडणी चालवतात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर उभारलेल्या १४ दशलक्ष व्होल्टच्या पेलेट्रॉन त्वरकावर, तिचे प्रयोग झाले आहेत. पूर्ण मांडणीत २४ 'क्लोव्हर' शोधक बसतात. क्लोव्हरच्या चार पाकळ्यांच्या पानावरून हे नाव आले. एकेका शोधकात जर्मेनियमचे चार स्फटिक असतात. म्हणजे एकूण ९६ स्फटिक. मुंबईच्या मांडणीसाठी १०० मेगाहर्ट्‌झच्या डिजिटायझरवर आधारलेली नोंदप्रणाली उभारली गेली आणि २०१२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले.

आता हिशेब करू. एक वाचन साठवायला २ बाइट धरले तर एका स्फटिकामागे सेकंदाला २० कोटी बाइट होतात. ९६ स्फटिकांचे १,९२० कोटी बाइट. तासाभरात ही माहिती सुमारे ६९ हजार गिगाबाइट इतकी होईल, आणि असा प्रयोग कित्येक दिवस रात्रंदिवस चालतो.

यातले कामाचे किती? समजा, एका स्फटिकात सेकंदाला १०,००० गॅमा किरण येतात. प्रत्येकाची वेळ, ऊर्जा आणि स्फटिकाचा क्रमांक लिहायला १६ बाइट पुरले, तर ९६ स्फटिकांसाठी सेकंदाला सुमारे दीड कोटी बाइट लागतील. म्हणजे मूळच्या साडेबाराशे पट कमी. बाकीचे सगळे टाकायचे. मात्र ते टाकण्याआधी त्यातून ऊर्जा आणि वेळ काढून घ्यायला हवी, आणि तीही वाचने येत असतानाच. यालाच वास्तव काळातील प्रक्रिया म्हणतात. वास्तव काळ म्हणजे नुसता झपाटा नव्हे. ठरलेल्या वेळेत उत्तर मिळेलच, ही त्यात हमी असते. नळ चालू आहे आणि भांडे लहान आहे. ते रिकामे करायला एकदा जरी उशीर झाला तरी पाणी सांडणारच.

फळ्यावर करता येईल असे गणित

पायरीची उंची काढायची युक्ती इतकी साधी आहे की ती आठवी-नववीच्या वर्गात करून पाहता येते. खाली डिजिटायझरची २१ वाचने दिली आहेत (आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत).

१०१, ९९, १०२, ९८, १०१, ९९, १००, १००, १०१, ९९, १३०, १४९, १५२, १४८, १५१, १५०, १४९, १५१, १५०, १५०, १५०.

अकराव्या वाचनापाशी पायरी चढते आहे, हे नुसते पाहूनही कळते. पण तिची उंची किती? कुणी बारावे वाचन वजा दहावे असे केले तर ५० येतील. कुणी तेरावे वजा चौथे केले तर ५४ येतील, आणि चौदावे वजा तिसरे केले तर ४६. एकेका वाचनावर भरवसा ठेवला तर गोंगाट आपल्याला असा फसवतो.

म्हणून सरासरीचा आधार घ्यायचा. सर्वांत ताज्या चार वाचनांची बेरीज करायची. मग मधली दोन वाचने सोडून द्यायची आणि त्यांच्या आधीच्या चार वाचनांची बेरीज पहिल्या बेरजेतून वजा करायची. ही दहा वाचनांची खिडकी एकेक घर पुढे सरकवत न्यायची. दहाव्या वाचनापासून एकविसाव्या वाचनापर्यंत अशी उत्तरे मिळतात:

०, ३०, ७९, १३२, १७९, २००, २०१, १६८, १२२, ७०, २१, १.

हे आकडे आलेखकागदावर मांडले तर चढती बाजू, वर सपाट माथा आणि उतरती बाजू अशी आकृती मिळते. हा झाला समलंब चौकोन. माथ्यावरच्या २०० आणि २०१ ना चारने भागले की ५० आणि सव्वापन्नास. पायरीची उंची मिळाली!

मधली दोन वाचने का सोडली? अकरावे वाचन १३० आहे, ना खालचे ना वरचे. स्फटिकात किरण कोठे आदळला यावर विद्युतभार गोळा व्हायला लागणारा वेळ अवलंबून असतो, त्यामुळे पायरीचा चढ कधी उभा तर कधी तिरका असतो. तो अर्धवट चढ सोडलेल्या फटीत येतो तेव्हाच माथा सपाट मिळतो. फट पुरेशी रुंद ठेवली की चढ कसाही असो, माथ्याची उंची बदलत नाही.

चारऐवजी शंभर वाचने घेतली तर गोंगाट आणखी दबेल. गोंगाट पूर्णपणे यादृच्छिक असेल तर तो वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: चौपट वाचने, निम्मा गोंगाट. प्रत्यक्ष जर्मेनियम शोधकासाठी एकेक बेरीज साधारण ५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे ५०० वाचनांची घेतात. त्याहून फार लांब खिडकी घेऊन लाभ होत नाही, कारण सावकाश बदलणारा गोंगाट सरासरीने दबत नाही.

मग दर १० नॅनोसेकंदांना हजार आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची? नाही. खिडकी एक घर पुढे सरकली की फक्त चार आकडे बदलतात. ताज्या गटात एक नवा आकडा येतो आणि एक बाहेर पडतो. जुन्या गटातही तसेच. आपल्या उदाहरणात पंधरावे उत्तर काढायचे असेल तर चौदावे उत्तर १७९ घ्या. त्यात पंधरावे वाचन १५१ मिळवा, अकरावे १३० वजा करा, नववे १०१ वजा करा, आणि पाचवे १०१ मिळवा. उत्तर २००. खिडकी चार वाचनांची असो वा पाचशेची, काम तेवढेच: दोन बेरजा, दोन वजाबाक्या. जुनी वाचने तेवढी स्मृतीत रांगेने उभी ठेवावी लागतात. वालेंटिन जॉर्डानोव्ह आणि ग्लेन नॉल यांनी १९९४ साली अशी पद्धत सविस्तर मांडली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांतले डिजिटायझर तिच्यावर किंवा तिच्या भावंडांवर चालतात.

एक गोष्ट राहिली. पूर्ववर्धकाची पायरी सपाट राहत नाही, ती उतरते. ५० मायक्रोसेकंदांच्या कालांकाने ६ मायक्रोसेकंदांत ती सुमारे ११ टक्के उतरते, आणि आपल्याला तर हजारात दीड अचूकता हवी! उपाय असा: टाकीला बारीक गळती आहे आणि तिचा वेग ठाऊक आहे, तर जेवढे गळाले तेवढे दर क्षणी हिशेबात मिळवत जायचे. १० नॅनोसेकंदांत पायरीचा पाच-हजारावा भाग गळतो. प्रत्येक वाचनाला तेवढी भर घालत गेले की हिशेबापुरती पायरी पुन्हा सपाट होते. त्यासाठी एक गुणाकार वाढतो, इतकेच.

पंगतीतले वाढपी

गणित सोपे, पण ते करायचे कोणी? साधा संगणक का चालत नाही? ९६ स्फटिक, प्रत्येकाची सेकंदाला १० कोटी वाचने आणि प्रत्येक वाचनावर दहा क्रिया धरल्या, तर सेकंदाला ९,६०० कोटी क्रिया होतात. तेवढी वाचने संगणकापर्यंत पोचवणे हेच मोठे संकट. शिवाय संगणकाचा प्रक्रियक एकामागून एक सूचना पाळतो आणि मध्येच त्याला इतर कामेही असतात. दर १० नॅनोसेकंदांना उत्तर देण्याची हमी तो देऊ शकत नाही.

येथे एफपीजीए, म्हणजे फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे, उपयोगी पडते. पहिली अशी चिप झायलिंक्स या कंपनीने १९८५ साली बाजारात आणली. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले रॉस फ्रीमन यांची ती कल्पना. त्या चिपमध्ये तर्काचे ६४ ठोकळे होते. आज मोठ्या चिपमध्ये ते लाखांच्या घरात असतात. प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात एक छोटा उत्तरतक्ता असतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना अँड, ऑर या लॉजिक गेटांचे सत्यता-तक्ते ठाऊक असतात. चार निवेशांच्या गेटाच्या तक्त्यात १६ ओळी असतात. त्या १६ ओळींची उत्तरे १६ स्मृतिघरांत लिहून ठेवली की तोच ठोकळा आपल्याला हवे ते गेट होतो. आकडे बदला, गेट बदलले. ठोकळ्यांना जोडणाऱ्या तारांचे सांधेही असेच लिहून ठरवता येतात. म्हणजे एफपीजीएमध्ये आपण सूचनांची यादी भरत नाही, परिपथच लिहितो. नको झाला तर पुसून दुसरा लिहितो.

याचा फायदा लग्नाच्या पंगतीवरून समजेल. एकच वाढपी असेल तर पहिल्या पानावर मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात आणि तूप वाढून तो दुसऱ्या पानाकडे वळेल. पंगत मोठी असेल तर शेवटचा पाहुणा उपाशीच उठायचा. म्हणून आपण काय करतो? सहा वाढपी एकामागून एक निघतात, प्रत्येकाच्या हातात एकच भांडे. पहिल्या पानावर तूप पडायला सहा टप्पे लागतात हे खरे, पण त्यानंतर प्रत्येक टप्प्याला एक पान पूर्ण होत जाते. कुणी थांबत नाही, कुणाला विचारत नाही. एफपीजीएमध्ये बेरीज करणारा परिपथ वेगळा, वजाबाकी करणारा वेगळा, गळती भरून काढणारा वेगळा. सगळे एकाच ठोक्यावर चालतात आणि आपापले काम पुढे सरकवतात. एका वाचनाचे उत्तर थोडे उशिरा येते, पण दर १० नॅनोसेकंदांना एक उत्तर बाहेर पडते, न चुकता. डिजिटायझर याहून वेगवान असेल, तर एका ठोक्याला चार-चार वाचने घेणाऱ्या पंगती शेजारी-शेजारी बसवतात.

एकावर एक चढलेले स्पंद

किरणोत्सार घड्याळ पाहून होत नाही. सेकंदाला सरासरी १०,००० किरण येतात म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदांना एक येतो असे नव्हे. कधी दोघांत मोठे अंतर पडते, कधी दोन पाठोपाठ येतात. दुसरा किरण पहिल्याच्या समलंब चौकोनाचा माथा येण्याआधीच आला, तर दोघांच्या बेरजा एकमेकींत मिसळतात आणि दोन्ही उंच्या बिघडतात. याला पाइल-अप म्हणतात.

बेरजेची खिडकी ५ मायक्रोसेकंद आणि मधली फट १ मायक्रोसेकंद असेल, तर स्पंद शुद्ध राहण्यासाठी त्याच्या आधीचे ६ आणि नंतरचे ६ असे १२ मायक्रोसेकंद मोकळे हवेत. एवढ्या वेळात दुसरा कुणीही न येण्याची संभाव्यता ई या संख्येचा उणे (दर गुणिले वेळ) हा घात असते. त्यावरून सेकंदागणिक शुद्ध स्पंद किती उरतात ते पाहा:

आलेले १०,००० — शुद्ध सुमारे ८,९००
आलेले ५०,००० — शुद्ध सुमारे २७,४००
आलेले १,००,००० — शुद्ध सुमारे ३०,१००
आलेले २,००,००० — शुद्ध सुमारे १८,१००

पन्नास हजारांचे एक लाख केले तर हाती तीनेक हजारच वाढतात, आणि दोन लाख केले तर चक्क घटतात! सुमारे ८३ हजारांच्या पुढे स्रोत जितका प्रखर तितके हाती कमी. खिडकी आखूड केली तर जास्त स्पंद वाचतात, पण ऊर्जेची अचूकता ढळते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. प्रत्येक प्रयोगात यातला समतोल माणसालाच ठरवावा लागतो.

पण पाइल-अप झाला हे ओळखायचे कसे? त्यासाठी त्याच वाचनांवर, त्याच वेळी, दुसरा एक समलंब चौकोन चालवतात. त्याची खिडकी फार आखूड असते, समजा ०.१ मायक्रोसेकंद. ऊर्जा मोजायला तो कुचकामी, पण दोन पायऱ्या जवळजवळ आल्या तरी त्या वेगवेगळ्या दाखवतो. लांब खिडकी ऊर्जा सांगते, आखूड खिडकी वेळ सांगते, आणि तिसरा परिपथ दोघांचे ऐकून 'घे' किंवा 'टाक' म्हणतो.

तरीही जाळ्याला एक भोक राहतेच. दोन किरण ०.१ मायक्रोसेकंदाच्या आत आले तर आखूड खिडकीलाही ते एकच वाटतात. सेकंदाला ५०,००० किरण येत असतील तर असे दोनशेत एकदा घडते. सिझियम-१३७ चे ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण असे एकत्र आले तर १,३२४ची रेषा दिसते. कोणत्याही केंद्रकातून न निघालेली ही रेषा कोबाल्टच्या १,३३२च्या शेजारी जाऊन बसते. जर्मेनियम या दोघी वेगळ्या दाखवतो. सोडियम आयोडाइडच्या शोधकाला तो फरक कळणारच नाही.

म्हणून चांगल्या नोंदप्रणालीत आणखी एक परिपथ असतो: टाकलेल्यांची गणती करणारा. किती स्पंद आले, किती घेतले, किती टाकले, किती वेळ शोधक 'मोकळा' होता, हे सारे लिहिले जाते. टाकण्यात पाप नाही. हिशेब न ठेवता टाकण्यात आहे. हिशेब असला तर ८,९०० वरून मूळचे १०,००० काढता येतात. नसला तर किरणोत्साराचा प्रत्येक आकडा कमी भरतो, आणि किती कमी तेही कळत नाही.

इंगासारख्या मांडणीत नियमांची संख्या वाढते. एका क्लोव्हरभोवती बिस्मथ जर्मेनेटचे कवच असते. किरण जर्मेनियममध्ये थोडी ऊर्जा टाकून निसटला आणि कवचात सापडला, तर ती अर्धवट नोंद टाकायची. त्वरकातून आलेल्या आयनांनी लक्ष्याच्या केंद्रकांशी मीलन होऊन तयार झालेले केंद्रक वेगाने फिरत असते आणि एकामागून एक अनेक गॅमा किरण सोडत शांत होते. ही साखळी जुळवायची, म्हणून वेगवेगळ्या शोधकांत जवळजवळ एकाच वेळी आलेल्या किरणांच्या जोड्या ठेवायच्या. हे ठरवता येते, कारण प्रत्येक स्पंदावर एकाच घड्याळाची वेळ लिहिलेली असते.

टाकाऊत सापडलेला समस्थानिक

आतापर्यंतच्या विवेचनावरून कुणाला वाटेल की पाइल-अप म्हणजे केवळ केर. तसे समजणे किती महागात पडू शकते, हे एका उदाहरणाने पाहू.

कथिलाचा १०० भारांकाचा समस्थानिक केंद्रकभौतिकीत फार मोलाचा आहे. त्यात ५० प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉन असतात आणि ५० ही दोन्ही बाजूंनी 'जादूई' संख्या आहे. त्याच्या शेजारची केंद्रके कशी वागतात हे पाहायचे होते. अमेरिकेतील ओक रिज येथे निकेल-५८चा झोत लोखंड-५४वर सोडून झेनॉन-१०९ तयार केला गेला. तो अल्फा कण सोडून टेल्युरियम-१०५ होतो, आणि टेल्युरियम-१०५ आणखी एक अल्फा कण सोडून कथील-१०१ होतो. झेनॉन-१०९चा अर्धायुकाल सुमारे १३ मिलिसेकंद, पण टेल्युरियम-१०५चा जेमतेम ०.६२ मायक्रोसेकंद!

आपल्या ६ मायक्रोसेकंदांच्या नियमाशी हे ताडून पाहा. ६ मायक्रोसेकंदांत टेल्युरियम-१०५चे जवळजवळ दहा अर्धायुकाल होतात. म्हणजे हजारात एखादेच केंद्रक तेवढा वेळ टिकेल. बाकी सगळ्यांचा दुसरा अल्फा कण पहिल्याच्याच पायरीवर चढणार, आणि 'पाइल-अप दिसला की टाका' हा नियम त्यांना निमूटपणे टाकून देणार. कुणाला कळणारही नाही की काही हरवले.

ओक रिजच्या प्रयोगात नियम उलटा फिरवला होता. एका पायरीवर दुसरी पायरी दिसली की त्या स्पंदाची सगळी वाचने जपून ठेवायची. त्या दुहेरी पायऱ्यांच्या आलेखांतून दोन्ही अल्फा कणांची ऊर्जा आणि त्यांच्यातील अंतर मोजता आले. २००६ साली झेनॉन-१०९ आणि टेल्युरियम-१०५ यांचा शोध प्रसिद्ध झाला.

यातून काय शिकायचे? परिपथ कितीही वेगवान असला तरी टाकायचे काय हे तो ठरवत नाही. तो नियम कुणीतरी आधी लिहिलेला असतो, आणि तो लिहिताना निसर्ग कसा असेल याचा अंदाज त्यात मिसळलेला असतो. अंदाज चुकला तर टाकलेले परत येत नाही, कारण ती वाचने कोठेही साठवलेली नसतात. एफपीजीएचा खरा गुण त्याच्या वेगाइतकाच यात आहे की त्यातला नियम पुसून नवा लिहिता येतो. जुन्या परिपथात तसे करायचे तर तारा तोडून डाक लावत बसावे लागे.

वर्गात हे करून पाहण्यासाठी चिपची गरज नाही. मुलांना फासा टाकून गोंगाट तयार करता येईल: १०० मध्ये फाशाचा आकडा मिळवून वीस वाचने लिहा आणि नंतरच्या वीस वाचनांत ५० जास्त मिळवा. एका गटाला दोन वाचनांची खिडकी द्या, दुसऱ्याला चारची, तिसऱ्याला आठची. कुणाचे उत्तर ५० च्या किती जवळ येते ते पाहा. मग सात-आठ वाचनांच्या अंतराने दुसरी पायरी चढवा आणि आठाच्या खिडकीवाल्या गटाची कशी तारांबळ उडते ते पाहू द्या. शेवटी फळ्यावर एकच प्रश्न लिहा: ही दुहेरी पायरी टाकायची की ठेवायची? उत्तर देण्याआधी आपण काय शोधतो आहोत हे विचारायला हवे, असे एखाद्या मुलाने म्हटले, तर त्याला विषय समजला असे आम्ही म्हणू.